यंत्र नाव विचारत नाही, पलीकडे उभा असलेला माणूस विचारतो

कोर्टाच्या दारात, मोठ्या देवस्थानांत, रेल्वे स्टेशनवर, बंदोबस्ताच्या दिवसांत उरुसातसुद्धा जी चौकट उभी असते तिला आपल्याकडे सरसकट ‘बॉम्बचं मशीन’ म्हणतात. ती बॉम्ब शोधत नाही, धातू शोधते. पट्ट्याचं बक्कल, किल्ल्यांचा जुडगा, अडकित्ता तिला कळतो. प्लास्टिकच्या डब्यातली स्फोटक भुकटी तिच्यासमोरून निवांत निघून जाईल. गर्दीच्या दिवशी तर ती जवळपास प्रत्येकालाच वाजते, मग तिच्या वाजण्याकडे कोणी लक्षही देत नाही. खरी तपासणी करतो तो चौकटीच्या पलीकडे उभा असलेला माणूस. कोणाला नुसतं ‘चला, चला’ म्हणायचं, कोणाची पिशवी उपडी करायची आणि कोणाला बाजूला घेऊन ‘कुठून आलात, नाव काय’ विचारायचं, हे तो ठरवतो. तो कशावरून ठरवतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. दाढी, टोपी, बुरखा, आधार कार्डावरचं नाव. यंत्राला जे कळत नाही ते माणूस अंदाजाने भरून काढतो, आणि त्या अंदाजात आपण आधीपासून बसवलेले असतो.

म्हणून मी म्हणतो की चालत जाता जाता अंगावरचं स्फोटक ओळखणारं दार आलं पाहिजे, आणि ते यावं अशी मागणी आपण मुसलमानांनीच आधी केली पाहिजे. आमच्या देवगाव रंगारीत हे बोललो की काही मंडळी भुवया उंचावतात. ‘आधीच कमी तपासण्या आहेत का, त्यात अजून एक?’ त्यांचं म्हणणं मला कळतं. पण तपासणी थांबणार नाही, ती कशी व्हावी एवढंच आपल्या हातात आहे. चेहरा बघणाऱ्या नजरेपेक्षा रेणू मोजणारं यंत्र आपल्याला परवडणारं आहे. मात्र काही अटी घातल्याशिवाय नाही, आणि त्या अटी काय असाव्यात यावरच खरं बोलायला हवं.

आधी ही चीज काय आहे ते पाहू. आरडीएक्ससारखं स्फोटक जवळजवळ वास सोडतच नाही. खोलीच्या तापमानाला हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रेणू असतात. त्यामुळे नुसती हवा हुंगून भागत नाही. हातांना, कपड्यांना, पिशवीच्या बंदाला चिकटलेले डोळ्यांना न दिसणारे कण गोळा करावे लागतात. ते तापवून त्यांची वाफ करायची, त्या वाफेला विद्युतभार द्यायचा आणि एका नळीत विद्युत क्षेत्रातून पळवायचं. हलके आणि आटोपशीर रेणू लवकर पोहोचतात, जड आणि पसरट उशिरा. ठरावीक स्फोटकाला पोहोचायला लागणारी वेळ यंत्राला पाठ असते. वेळ जुळली की बीप. विमानतळावर तुमच्या तळहातावरून किंवा बॅगेवरून कापडी पट्टी फिरवतात आणि ती एका डब्यात घालतात, तेव्हा बहुतेक वेळा आत हीच शर्यत चाललेली असते. ही शर्यत लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

पट्टी फिरवायला माणूस लागतो आणि वेळ लागतो. म्हणून दाराची कल्पना निघाली. अमेरिकेने २००४ पासून विमानतळांवर अशी दारं आणली. माणूस आत उभा राहिला की चहूबाजूंनी हवेचे फुत्कार सोडायचे, अंगावरचे कण उडवायचे आणि ते शोषून तपासायचे. सरकारने २०७ यंत्रं विकत घेतली, त्यांतली निम्मीच प्रत्यक्ष विमानतळांवर लागली आणि काही वर्षांत तीही काढून टाकावी लागली. कारण ऐकून मराठवाड्यातल्या माणसाला हसू येईल: धूळ आणि दमट हवा. प्रयोगशाळेत छान चाललेलं यंत्र खऱ्या दाराशी आलं आणि घुसमटलं. २०१२ मध्ये जपानमध्ये हिताची, निप्पॉन सिग्नल आणि यामानाशी विद्यापीठ यांनी अधिक हुशारीचा नमुना करून दाखवला. प्रवासी आपलं कार्ड दाराला लावतो, कार्डावर त्याच्या बोटांचे कण असतातच. ते तिथेच शोषून एक-दोन सेकंदांत निकाल. तासाला १,२०० माणसं जाऊ शकतील असा त्यांचा हिशेब होता.

आपलं राज्य यात मागे नाही. पुण्यातल्या सुतारवाडीत डीआरडीओची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे तयार झालेला स्फोटक तपासणी संच अगदी साधा आहे: रसायनाचे काही थेंब टाकायचे आणि रंग बदलतो का बघायचं. २०१३ मध्ये या संचाचं तंत्रज्ञान एका अमेरिकन कंपनीला विक्रीसाठी दिलं गेलं. भारताने अमेरिकेकडून सुरक्षा यंत्रं घ्यायची ही नेहमीची दिशा, इथे ती उलटी झाली. याचा अभिमान वाटायला हरकत नाही. याच प्रयोगशाळेने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर ‘रेडर-एक्स’ नावाचं उपकरण बनवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्यातल्या राष्ट्रीय कार्यशाळेत ते मांडलं गेलं. ते काही अंतरावरून स्फोटक ओळखतं. आणि मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या नॅनोस्निफ या कंपनीने ‘नॅनोस्निफर’ हा टेबलावर ठेवायचा शोधक तयार केला. एप्रिल २०२१ मध्ये तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री रमेश पोखरियाल यांच्या हस्ते तो बाजारात आला. विक्री वेहंट ही कंपनी करते. दहा सेकंदांच्या आत निकाल देतो असं बनवणारे सांगतात. यांतलं एकही अजून चालत जायचं दार नाही. पण दार बनवायला लागणारं डोकं आणि हात पुण्यात आणि पवईत आहेत, एवढं यावरून नक्की कळतं.

आता आपल्या हिताचं बोलतो. २००९ मध्ये शाहरुख खानला नेवार्क विमानतळावर त्याच्या नावामुळे थांबवून ठेवल्याची बातमी सगळ्यांना आठवते. मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी घटना. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर माजी राष्ट्रपती एपीजे अब्दुल कलाम विमानात बसले होते, तरी त्यांचं जॅकेट आणि बूट स्फोटकांच्या तपासणीसाठी उतरवून नेले. ज्या डीआरडीओचे ते प्रमुख होते तिच्याच प्रयोगशाळेत स्फोटक ओळखण्याचे संच बनतात. अमेरिकेने नंतर दिलगिरी व्यक्त केली. कार्डावरचे कण तपासणारं दार तिथे असतं, तर कलाम त्यातून दोन सेकंदांत गेले असते आणि बूट पायातच राहिले असते.

बायकांच्या बाबतीत हा मुद्दा आणखी मोठा आहे. शरीराची आकृती दाखवणारे स्कॅनर आले तेव्हा, फेब्रुवारी २०१० मध्ये, उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलने ते इस्लामी लज्जेच्या संकल्पनेविरुद्ध असल्याचं सांगितलं आणि त्याऐवजी हाताने झडती घ्यावी असं सुचवलं. या सूचनेने माझं समाधान होत नाही. आपल्याकडे हाताच्या झडतीसाठी महिला कॉन्स्टेबल हजर असेलच असं नाही, पडदा असेलच असं नाही, आणि नकाब बाजूला करायला लावणारा आवाज सभ्य असेल याची खात्री तर अजिबात नाही. कणांचं दार शरीर बघत नाही आणि अंगाला हात लावत नाही. बुरख्यातली बाई आणि नऊवारीतली बाई त्याला सारखीच. पडद्याची चिंता करणाऱ्या आमच्या उलेमांनी या यंत्राच्या बाजूने उभं राहायला हवं.

आणि धोका खरा आहे, हे आपण मोठ्याने म्हटलं पाहिजे. मे २००६ मध्ये मनमाड-चांदवड रस्त्यावर पाठलाग करून आरडीएक्स आणि एके-४७ रायफली पकडल्या गेल्या. त्या प्रकरणाला आपल्याच शहराचं नाव पडलं, ‘औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण’, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, काहींना सोडलं. त्याच २००६ च्या ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. ८ सप्टेंबरला मालेगावात स्फोट झाले तो दिवस जुम्म्याचा होता आणि शब-ए-बरातचाही. मेलेली माणसं बहुतेक आपलीच, नमाज पढून निघालेली आणि कब्रस्तानात दुआ करायला आलेली. स्फोटक वेळेवर ओळखलं जावं ही मागणी ‘त्यांची’ आणि झडतीची तक्रार तेवढी ‘आपली’, अशी वाटणी मला मान्य नाही. मालेगावच्या बडा कब्रस्तानच्या दारात असं यंत्र त्या दिवशी असतं, तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. पण ते असावं असं वाटणाऱ्यांत मी नक्की असतो.

आता बीपकडे येतो, कारण सगळा घोळ तिथे आहे.

समजा, एखाद्या उरुसात किंवा जत्रेत दिवसाला ५०,००० माणसं येतात. दाराची चूक शंभरात एक धरू. विक्रेता याला ‘९९ टक्के अचूक’ म्हणेल आणि आपण मान डोलावू. याचा अर्थ दिवसाला ५०० निरपराध माणसांवर बीप. चूक हजारात एक धरली तरी ५०. त्या दिवशी खरोखर स्फोटक घेऊन आलेली माणसं किती असतील? जवळपास प्रत्येक दिवशी शून्य. म्हणजे यंत्र उत्तम असलं तरी त्याची जवळजवळ प्रत्येक बीप खोटी असणार. यात यंत्राचा दोष नाही. दुर्मीळ गोष्ट गर्दीत शोधायला गेलं की हे होणारच. प्रश्न असा की त्या ५०० जणांचं पुढे काय होतं? चारशे जणांना ‘जा हो काका’ म्हणून सोडतील. शंभर जणांची दुसऱ्यांदा तपासणी होईल. आणि त्यांतले दहा पोलीस चौकीत बसवले जातील. यंत्राने ५०० निवडले ते नाव न विचारता. त्यांतले दहा कोण निवडणार? चौकटीच्या पलीकडे उभा असलेला तोच माणूस. फरक एवढाच की आता त्याच्या अंदाजाला विज्ञानाचा शिक्का मिळालेला असेल. ‘आम्ही कुठे काय म्हणतोय, मशीनने दाखवलं.’

बीप कोणाच्या हातांवर होईल हे पाहायला मला प्रयोगशाळेत जावं लागत नाही, गावात फिरलं तरी पुरतं. आमच्या कन्नड तालुक्यात ठिबकवाला शेतकरी १३:००:४५ सोडतो. ते पोटॅशियम नायट्रेट आहे, फटाक्याच्या दारूतला मुख्य घटक. अमोनियम नायट्रेटचे तर नियमच २०१२ पासून कडक झाले, कारण त्यापासून बॉम्ब होतो. पण नायट्रेटची खतं शेतकऱ्याच्या नखांत असणारच. विहीर खोदणाऱ्या टोळ्या जिलेटिनच्या कांड्यांनी बार उडवतात. कायदेशीर, परवान्याच्या माणसाकडून आणलेल्या कांड्या असल्या तरी त्या मजुराच्या सदऱ्यावर खरंखुरं स्फोटक असतं. त्याला बीप झाली तर ती खोटीही म्हणता येणार नाही. यंत्र बरोबर आणि माणूसही निर्दोष. ज्याच्या छातीत कळ येते तो जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवतो, आणि नायट्रोग्लिसरीनवरच डायनामाइट उभं आहे.

चौथं उदाहरण खास आपलं आहे. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ टीएनटीच्या जातकुळीतल्या स्फोटकांवर काम करत होता आणि त्याच्या भांड्यातून कस्तुरीचा वास आला. कृत्रिम कस्तुरी अशी जन्मली. मस्क झायलीन, मस्क अँब्रेट ही त्या घराण्यातली नावं, आणि हा माल स्वस्त अत्तरात, अगरबत्तीत वापरला जात आला आहे. मघाची शर्यत आठवा. टीएनटीचा चुलतभाऊ जवळपास त्याच वेळेला पोहोचला तर यंत्र फसू शकतं; कृत्रिम कस्तुरीमुळे असा घोटाळा होऊ शकतो हे या क्षेत्रातल्या लोकांना माहीत आहे. जुम्म्याला आंघोळ करून, कानामागे अत्तराचा फाया ठेवून निघालेला माणूस दारातून जातोय असं डोळ्यांसमोर आणा. नाव न विचारणारं यंत्रही नकळत धर्म ओळखायला लागलं, तर ते असं लागेल.

आमच्या गावाच्या नावातच रंगारी आहे, म्हणून एक अवांतर गोष्ट सांगतो. पिक्रिक आम्ल आधी रेशीम पिवळं रंगवायला वापरत, तोफगोळ्यांत भरायचं नंतर सुचलं. टीएनटी १८६३ मध्ये पहिल्यांदा बनलं तेही पिवळ्या रंगाच्या शोधात. रंगाऱ्याची भट्टी आणि दारूगोळ्याचा कारखाना यांचं नातं इतकं जवळचं आहे की हातांवरच्या डागावरून धंदा ओळखू जाणारा माणूस हमखास फसेल.

असं फसल्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधलं आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये स्फोट झाले, २१ माणसं मेली. त्याच रात्री पाच आणि दुसऱ्या दिवशी एक, अशी सहा आयरिश माणसं पकडली गेली. तेव्हा इंग्लंडमध्ये आयरिश कॅथलिक असणं म्हणजे काय होतं, हे कळायला आपल्याला फार कल्पनाशक्ती लागणार नाही. त्यांच्या हातांवर ग्रीस चाचणी केली. या चाचणीत नायट्राइट असलं की गुलाबी रंग येतो. पुन्हा रंगाऱ्याचंच काम. दोघांच्या हातांवर रंग आला आणि सरकारी तज्ज्ञाने कोर्टात सांगितलं की यांनी स्फोटकं हाताळल्याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. ती मंडळी आगगाडीत पत्ते खेळत आली होती. पत्त्यांच्या चकाकीत नायट्रोसेल्युलोज असतं आणि तेही तोच रंग देतं. १९८५ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमाने हे करून दाखवलं. १९९१ मध्ये ते सुटले, १६ वर्षांनी. त्याच काळात मॅग्वायर कुटुंबातल्या आणि त्यांच्याशी संबंधित सात जणांना हातांवर, हातमोज्यांवर नायट्रोग्लिसरीनचे अंश मिळाल्याच्या आधारावर शिक्षा झाली. तीही १९९१ मध्ये रद्द झाली. त्यांतला एक, ज्युसेप्पे कॉन्लन, तोपर्यंत कैदेतच वारला होता.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. मालेगावच्या २००६ च्या प्रकरणात नऊ मुसलमान पकडले गेले आणि एका आरोपीच्या गोदामातल्या मातीत आरडीएक्सचे अंश मिळाल्याचा दावा तपासात झाला. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर त्यांच्यातला एक मरण पावला होता. मालेगावच्याच २००८ च्या प्रकरणात देवळालीतल्या एका हिंदू आरोपीच्या घरातून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यांवर आरडीएक्सचे अंश दाखवले गेले. पुढे राष्ट्रीय तपास संस्थेनेच ते अंश तिथे ठेवले गेल्याचा संशय व्यक्त केला. ३१ जुलै २०२५ ला त्या खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्याच्या दहा दिवस आधी मुंबई उच्च न्यायालयाने लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेच सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही, आणि जप्त केलेला माल नीट सीलबंद ठेवला गेला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. या तिन्ही प्रकरणांत कोण कोणत्या बाजूचा, हा वाद मला इथे करायचा नाही. डोळ्यांना न दिसणारा कण हा किती नाजूक पुरावा आहे आणि तो कोणाच्या हाती कसा वळतो, एवढंच त्यांतून दिसतं. ज्यांचे गेले ते अजून न्यायाविना आहेत, ते वेगळंच.

विक्रीची बाजू तर त्याहून काळी आहे. जेम्स मॅकॉर्मिक या इंग्रज व्यापाऱ्याने ‘एडीई ६५१’ नावाचं स्फोटक शोधणारं उपकरण इराकला कोट्यवधी पौंडांना विकलं. मुळात ते गोल्फचा हरवलेला चेंडू शोधायच्या खेळण्यावरून बनवलेलं होतं. आत काहीच नव्हतं, नुसती मूठ आणि हलणारी अँटेना. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तरी बगदादच्या नाक्यांवर पोलीस ते धरून उभेच होते. जुलै २०१६ मध्ये कर्रादात रमजानच्या शेवटी शेकडो माणसं मेली, तेव्हा कुठे पंतप्रधानांनी ते काढून टाकायचा हुकूम दिला. त्याच जातीचं ‘जीटी २००’ थायलंडच्या फौजेने घेतलं आणि दक्षिणेतल्या मलय मुसलमानांच्या प्रांतांत फिरवलं. अँटेना ज्याच्याकडे वळली तो आत. फेब्रुवारी २०१० मध्ये थायलंडच्याच विज्ञान मंत्रालयाने त्याची चाचणी घेतली: चार खोक्यांपैकी एकात स्फोटक, ओळखा. वीसपैकी चार वेळा बरोबर आलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर पाच आले असते. त्या अँटेनेवर आत गेलेल्यांचे महिने कोणी परत दिले नाहीत.

‘मग कुत्रा बरा’ असं कोणी म्हणेल. १९९३ मध्ये मुंबई पोलिसांच्या झंजीर या कुत्र्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. त्याला सलामी देऊन पुरलं ते योग्यच झालं. पण कुत्राही मालकाचा चेहरा वाचतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात कुत्रा आणि शिक्षक अशा १८ जोड्या एका चर्चमध्ये सोडल्या. तिथे स्फोटक किंवा अमली पदार्थ काहीच नव्हतं. शिक्षकांना मात्र असल्याचं सांगितलं होतं. दोनशेहून जास्त वेळा ‘सापडलं’ असा इशारा आला. माणसाचा संशय लगामातून कुत्र्यापर्यंत पोहोचतो. यंत्राला लगाम नसतो, हा त्याचा मोठेपणा. पण त्याचा निकाल वाचणाऱ्याला असतो.

म्हणून आपली मागणी यंत्र आणू नका अशी नसावी. आणा, पण विकणाऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यावर विकत घेऊ नका. तिसऱ्याच कोणीतरी, आत काय आहे हे तपासणाऱ्यालाही माहीत नसताना, चाचणी घ्यावी. आणि किती वेळा पकडलं याच्या शेजारी किती निरपराधांवर वाजलं हा आकडाही जाहीर करावा. पहिला आकडा प्रत्येक कंपनी सांगते, दुसरा मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. आपल्या सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा जिंकते. खोट्या बीपची किंमत निविदेत धरलेलीच नसते, कारण ती सरकार देत नाही, बाजूला घेतलेला माणूस देतो. ती किंमत कागदावर आली तर पवईतल्या आणि पुण्यातल्या चांगल्या अभियंत्यांना फायदाच आहे. स्वस्त डबा आणि खरं यंत्र यांतला फरक तिथेच दिसतो.

दुसरी गोष्ट, बीप हा पुरावा मानला जाऊ नये. बीपनंतर वेगळ्या पद्धतीचं दुसरं यंत्र, तिथेच, काही मिनिटांत. आणि दोन्ही गप्प झाले की माणूस मोकळा, नाव न लिहिता. ज्याला थांबवलं त्याला कारणाची आणि वेळेची चिठ्ठी मिळावी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत मोठ्या गुन्ह्यांच्या ठिकाणी न्यायवैद्यक तज्ज्ञ जाणं आणि चित्रीकरण होणं बंधनकारक केलं आहे. नमुना कसा गोळा होतो याला महत्त्व आहे हे कायद्याने तिथे मानलंच आहे. मग दारातल्या नमुन्यालाही तोच न्याय लावायला काय हरकत आहे? शिवाय हे दार आधार कार्डाला किंवा चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला जोडू नये. ‘अंगावर काय आहे’ एवढंच विचारणाऱ्या यंत्राला ‘तू कोण आहेस’ विचारायला लावलं, की आपण जिथून निघालो तिथेच परत. आणि ते लागावं तर सगळीकडे लागावं. मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापलं तेव्हा तिथला बंदोबस्त वाढला, ते समजू शकतो. पण ईदगाहाच्या दारात यंत्र आणि मंत्र्यांच्या सभेला नाही, असं असेल तर त्या यंत्राने काय मोजायचं ठरवलं आहे ते मोजण्याआधीच कळतं.

माझी गावापुरती एक सूचना आहे, ती मी लेखी देणार आहे. दार बनवणाऱ्या कोणत्याही संस्थेने त्याची एक चाचणी खेड्यात घ्यावी. देवगाव रंगारी चालेल. बाजाराच्या दिवशी माणसं कमी पडणार नाहीत. खताचं पोतं उचलून आलेला हमाल, विहिरीवरचा मजूर, छातीची गोळी घेणारे आजोबा, अत्तर लावलेले मौलाना, कापूर-उदबत्तीचा हात असलेले पुजारी, मेंदी लावलेल्या मुली, सगळ्यांना त्यातून जाऊ द्यावं आणि कोणावर किती वेळा वाजलं ते शाळेच्या फळ्यावर लिहावं. दिवस जुलै-ऑगस्टमधला निवडावा. तेव्हा हवा दमट असते, रस्त्यावर चिखल असतो आणि शेतात खताचा दुसरा हप्ता चाललेला असतो.